घड्याळाचे निमित्त

प्रिय बाबा,

सर्वप्रथम क्षमा मागते. मुलीने वडिलांना पत्र लिहिण्यात क्षमा मागण्यासारखे काय आहे, असे कोणी म्हणेल. पण आपल्या घरात एक विषय असा आहे की ज्याविषयी बोलायचे नसते, आणि या पत्रात पुढे कुठेतरी मी त्या विषयापाशी पोहोचणार आहे. तुम्हाला न विचारता तिथवर जाण्याचा अधिकार मला आहे की नाही, हे मला ठरवता आलेले नाही. म्हणून आधीच हात जोडून ठेवते. फोनवर हे सांगता आले नसते. फोनवर आपण एकमेकांची प्रकृती विचारतो, हवा कशी आहे ते सांगतो, मग दोन्हीकडून शांतता होते आणि तुम्ही म्हणता, "बरं, ठेवू?" मी म्हणते, "हो, ठेवा." फोन ठेवल्यावर मला बोलायचे सगळे सुचते. पत्राचे तसे नाही. शिवाय पत्र वाचताना तुमच्याकडे कोणी बघत नसेल, हाही विचार मी केला आहे.

आधी बातमी. रुग्णालयातली माझी नोकरी कायम झाल्याचा कागद आला आहे. महिनाअखेरपर्यंत त्यावर सही करून द्यायची आहे. तुम्हाला केवढा आनंद होईल हे मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच पुढचे वाक्य लिहिण्याआधी मी उठून खिडकी उघडून आले. बाबा, मला त्यावर सही करायची नाही. मला दुसरे एक काम शिकायचे आहे. ते मिळेल की नाही हे अजून ठरलेले नाही, आणि ते ठरणे बऱ्याच अंशी तुमच्या हातात आहे. कसे, ते शेवटी सांगते. निबंधाला समारोप लागतो तसा या पत्रालाही लागणार आहे. एकदम तिथे उडी मारण्याचे धैर्य माझ्यात नाही.

शाळेच्या शेवटच्या वर्षी आमची कलचाचणी झाली होती, ती तुम्हाला आठवत असेल. कोणते काम आपल्याला मानवेल हे तिच्यातून कळते, असे मुख्याध्यापकांनी सांगितले होते. "यात बरोबर-चूक काही नाही, जे खरं वाटेल ते लिहा," असे ते पुन्हा पुन्हा बजावत होते. परंतु जिने आयुष्यभर बरोबर उत्तरेच लिहिली, त्या मुलीला हे पटावे कसे? 'अनोळखी माणसांशी बोलायला तुम्हाला आवडते का?' असा प्रश्न होता. चांगला विद्यार्थी इथे काय लिहील, याचा मी विचार केला आणि लिहिले, 'खूप आवडते.' 'गर्दीत तुम्हाला उत्साह वाटतो का?' 'नेहमी.' परीक्षकाला काय हवे आहे हे ओळखण्यात माझा हात धरणारे वर्गात कोणी नव्हते. निकाल लागल्यावर मुख्याध्यापकांनी मला मुद्दाम बोलावून सांगितले, की लोकांत मिसळण्याची एवढी ओढ त्यांनी आजवर कुणात पाहिली नव्हती. त्यांच्या बुटांकडे बघत मी "आभारी आहे" म्हणाले. तेव्हाही त्यांना काही शंका आली नाही.

आई नुकतीच गेली होती. तुम्ही तो निकाल दुकानातल्या टेबलाच्या काचेखाली ठेवलात. गिऱ्हाईक आले की म्हणायचात, "आमची पोर माझ्यासारखी नाही हो. माणसांत रमणारी आहे." त्या 'माझ्यासारखी नाही'मध्ये तुमचा जो आनंद होता, तो मोडवत नव्हता. मी त्याच वाटेने शिकत गेले आणि पुढच्याही सगळ्या परीक्षांत पहिली आले. माणसांत कसे रमावे, या विषयावर मला अजूनही उत्तम निबंध लिहिता येईल.

आता मी रुग्णालयाच्या दारातल्या मार्गदर्शन खिडकीशी बसते. कुणाला कुठे जायचे आहे ते विचारायचे आणि वाट सांगायची. वाटा मला तोंडपाठ आहेत. रुग्णालयाचा नकाशा मी परीक्षेसारखा पाठ केला होता. अडचण येते ती विचारणाऱ्याच्या चेहऱ्याची. मी त्याच्या गुंडीशी बोलते, बाहीशी बोलते, हातातल्या पिशवीशी बोलते. परवा एक आजोबा मला म्हणाले, "मुली, मी इथे वर आहे. माझ्या खिशात नाही." मागची रांग हसली. मीही हसले, आणि नंतर जेवणाच्या सुट्टीत जिन्याखाली जाऊन उभी राहिले. वरिष्ठांना माझे काम पसंत आहे, कारण मी कधी चुकीची वाट सांगत नाही. रोज इतकी माणसे समोरून जातात, बाबा, आणि त्यांतल्या एकाचाही चेहरा मला संध्याकाळी आठवत नाही. आठवतात ती पाकिटे, चपला, बोटांवर गुंडाळलेल्या पट्ट्या.

माझ्या खोलीविषयी तुम्ही विचारता तेव्हा मी "छान आहे, उजेड येतो" एवढेच सांगते. उजेड येतो हे खरे आहे. एक पलंग, एक टेबल, एक खुर्ची. पाहुण्यासाठी दुसरी खुर्ची आणावी असे पहिल्या महिन्यात ठरवले होते, मग ते राहून गेले आणि त्यावाचून अडलेही नाही. शेजारच्या खोलीतला रेडिओ भिंतीतून ऐकू येतो. शब्द कळत नाहीत, पण कोणीतरी बोलते आहे एवढे कळते आणि तेवढे पुरते. रविवारी मी पुस्तक घेऊन बसते ती अंधार पडेपर्यंत. एका सोमवारी बसमध्ये वाहकाकडे तिकीट मागायला तोंड उघडले आणि आवाजच फुटेना, तेव्हा लक्षात आले की शनिवारपासून मी एक शब्दही बोललेले नाही. हे तुम्हाला वाईट वाटावे म्हणून लिहीत नाही. तुमचेही रविवार असेच जात असणार, हे मला कळते. तुमच्याकडे निदान घड्याळे टिकटिकतात.

आता त्या दुसऱ्या कामाविषयी. रुग्णालयाच्या तळमजल्यावर, कपडे धुण्याच्या खोलीच्या पलीकडे, पाटी नसलेले एक दार आहे. तिथली वाट विचारणारे लोक आवाज खाली आणून विचारतात. त्यांतल्या एकाला वाट सापडेना म्हणून मी सोबत गेले, आणि आत पाऊल ठेवले ते जणू तुमच्या दुकानातच. तीच मोठी खिडकी, तसाच टेबलावर वाकलेला दिवा, तशीच चिमट्यांची रांग. फक्त चाकांच्या आणि काट्यांच्या जागी डोळे होते. कृत्रिम डोळे. काही नुसते पांढरे, काहींत बुबुळ रंगवलेले. ते करणाऱ्या बाईंना सगळे 'डोळेवाल्या बाई'च म्हणतात. त्यांनी मान वर न करताच सुरुवात केली, "ये गं, बस. त्या स्टुलावर नको, ते मोडकं आहे. तसं इथे सगळंच मोडकं आहे, माझ्यासकट." त्यांची जीभ म्हणजे चावी दिलेले घड्याळ, रात्रीपर्यंत थांबायचे नाही. मला ते फार सोयीचे पडले. कारण त्यांच्यासमोर आपल्याला बोलावे लागत नाही.

मी सुट्टीत तिथे जाऊ लागले. खोबणीचा साचा घेतात, त्यावरून पांढरी वाटी घडवतात, तिच्यावर बुबुळ रंगवतात, पांढऱ्या भागात लाल रेशमाचे केसाहून बारीक तंतू शिरांसारखे बसवतात आणि सगळ्यावर पारदर्शक थर देऊन घासून घासून चमक आणतात. बुबुळाला एक रंग नसतोच, बाबा. तपकिरी म्हणतो त्यात मधासारखे पिवळे असते, कडेला करडे असते, बाहुलीपाशी जवळजवळ जांभळे असते. बाईंनी एके दिवशी आरसा आणि कुंचला पुढे सरकवून म्हटले, "नुसती बघत काय बसलीस, स्वतःचा काढ." मी काढला. त्यांनी तो उजेडात धरून उलटसुलट पाहिला. मग म्हणाल्या, "एवढं बारीक बसून काम करायला कुठे शिकलीस?" मी म्हणाले, माझ्या वडिलांच्या दुकानात. शाळा सुटल्यावर तुमच्या उजव्या हाताला बसून मी तासन्तास तुमची बोटे बघत असे, हे तुम्हाला आठवते का? मी पुस्तक वाचते आहे असे तुम्हाला वाटायचे. पान तासभर उलटलेले नसायचे.

आयुष्यात पहिल्यांदा एखादे काम मला अभ्यास न करता आवडले. तिथे गेले की सुट्टी कधी संपते ते कळत नाही. बाईंना एक शिकाऊ हवी आहे. एकच. आणि त्यांनी मला विचारले.

मग एक सुतार आला. लाकडाची ढलपी उडून त्याचा डोळा गेला होता. मोठा गमतीचा माणूस. म्हणाला, "सांधा नीट बसला की झालं ताई, पॉलिश नंतर बघू." बाईंनी बुबुळ रंगवायचे काम माझ्यावर सोपवले आणि त्या बाहेर गेल्या. मी त्याला भिंतीवरच्या एका काळ्या ठिपक्याकडे बघायला सांगितले, म्हणजे तो माझ्याकडे बघणार नाही. तरीसुद्धा मान फार वेळ वर ठेवता येईना. एकदा पाहायचे, खाली बघायचे, आठवून रंग भरायचे. काम पूर्ण झाले, डोळा सुरेख बसला. सुताराने आरशात पाहिले, बराच वेळ पाहिले आणि भिडस्तपणे म्हणाला, "छान आहे हो. पण हा दुसऱ्या कुणाचा तरी वाटतोय." बाईंनी येऊन पाहिले, मग माझी हनुवटी धरून वर केली, आणि खो खो हसत सुटल्या. "अगं, हा तर तुझा डोळा! त्या बिचाऱ्याला तुझा डोळा लावलास की!" सुतारही हसला. म्हणाला, आता घरी बायकोला काय सांगू.

त्याला बाईंनी दुसरा डोळा करून दिला. पण पुढच्या वेळी एका वयस्क परिचारिकेसाठी मी केला, तेव्हाही तेच झाले. बाईंनी दोन्ही डोळे एका बशीत ठेवले आहेत आणि मला उशीर झाला की म्हणतात, "तुझे डोळे केव्हापासून दाराकडे लागलेत बघ." मी हसते. परंतु खोलीवर आल्यावर मला नीट कळले की काय झाले होते. एका नजरेत जेवढे मिळाले त्याच्या पलीकडचे मी आठवणीतून भरले, आणि माझ्या आठवणीत, या सबंध जगात, मी निवांत पाहिलेला डोळा एकच आहे. आरशातला माझा.

बाईंनी अट घातली. बोलताना पहिल्यांदाच त्यांच्या हातातले काम थांबले होते. "महिना संपायच्या आत एक डोळा तू करायचास. पहिल्यापासून शेवटपर्यंत. ठिपका-बिपका नाही. ठिपक्याकडे बघणाऱ्या माणसाचा डोळा ठिपक्याकडे बघणाराच होतो. घरी जाऊन तो कुणाशी बोलणार? समोरच्याशी बोलत, त्याच्याकडे बघत, त्याला आपल्याकडे बघू देत काढायचा. जमलं तर माझी शिकाऊ तू. नाही जमलं तर वर जाऊन खिडकीत बस, नोकरी काही वाईट नाही." मग विचारले, "घरातलं कुणी आहे का, ज्याच्याकडे तू न बिचकता बघतेस?" मी म्हणाले, घरात एकटे वडीलच आहेत. त्या म्हणाल्या, "मग त्यांच्यावर सराव कर." आणि तिथे, बाबा, मी तो विषय काढला. आयुष्यात पहिल्यांदा, एका परक्या बाईपाशी.

मी लहान असताना तुम्ही दुपारी झोपलात की तुमचा डावा डोळा थोडा उघडा राहायचा. मला वाटायचे, माझे बाबा झोपेतही घरावर पहारा ठेवतात. मला त्याचा एवढा अभिमान होता की मी शाळेत सांगितले, आमच्या घरात कधीच चोर येणार नाही. ते फिरत फिरत आईच्या कानावर आले. ती आधी हसली, मग तिने मला जवळ घेऊन हळूच सांगितले, "बाबांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघायचं नाही हं, राणी. त्यांना आवडत नाही." एवढेच सांगितले. का ते सांगितले नाही. पण तुम्हाला तुमची मुलगी माहीत आहे. एक नियम मिळाला की तो सगळ्या उदाहरणांना लावून बघायचा, ही माझी लहानपणापासूनची खोड. मी तुमच्याकडे बघायचे थांबवले, मग शिक्षकांकडे, मग मैत्रिणींकडे, आणि पुढे कुणाकडेच. आईचे त्यात काही चुकले नाही. तिने एका चेहऱ्यापुरता नियम सांगितला होता. तुमचे तर मुळीच नाही.

तो डोळा बनावट आहे, हे मला हळूहळू आपोआप कळत गेले. रस्त्याने चालताना आई नेहमी तुमच्या डाव्या बाजूला का असायची, जेवताना तुमची डावी बाजू भिंतीकडे का, सगळ्या फोटोंत तुम्ही मान वळवून का उभे. तुमचा खरा डोळा कसा गेला ते मला अजून माहीत नाही, आणि तुम्ही सांगितल्याशिवाय मी विचारणार नाही. मी इथे यायला निघाले तेव्हा बस सुटता सुटता तुम्ही म्हणालात, "पोरी, काम असं धरावं की ज्यात आपलं उणं कुणाला दिसत नाही." बस वळणावर पोहोचेपर्यंत मला तुमचे दुकान डोळ्यांसमोर दिसत राहिले. घड्याळ दुरुस्त करणारा प्रत्येक जण एका डोळ्याला भिंग लावतो आणि दुसरा मिटून घेतो. त्या टेबलामागे तुमच्यात आणि इतरांत काहीच फरक नाही. किती विचार करून तुम्ही ते काम निवडले असेल, कितव्या वर्षी, कुणालाही न विचारता, हे मला त्या बसमध्ये कळले. आणि ते काम तुम्हाला शोभलेही, बाबा. तुमच्यासारखा हात मी अजून कुणाचा पाहिलेला नाही. पण मी माझे उणे झाकण्यासाठी खिडकी निवडली, आणि तिथे ते दर माणसागणिक उघडे पडते. खालच्या खोलीत मात्र ते झाकावे लागत नाही. तिथे त्याच्यावरच काम करायचे असते.

डोळेवाल्या बाईंनी हे सगळे ऐकले आणि त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. हे किती विलक्षण आहे ते तुम्हाला त्यांना भेटल्यावर समजेल. मग त्यांनी एवढेच विचारले की तुमचा डोळा कुणी केला. मी म्हणाले, माझ्या जन्माआधीचा आहे, बहुधा पेटीतल्या तयार डोळ्यांतून निवडलेला. "एवढी वर्षं तोच?" असे म्हणून त्यांनी तोंडाने च्चक केले. "खुपत असेल गं त्यांना. कधी बोलले नाहीत?" नाही, तुम्ही कधी बोलला नाहीत. मला आता आठवते, संध्याकाळी दुकान बंद करताना तुम्ही पाठ करून रुमालाने डोळा टिपायचात.

म्हणून हे पत्र. बाबा, तुम्ही इथे याल का? मला तुमचा डोळा करायचा आहे. उत्तरेच्या खिडकीपाशी एक खुर्ची आहे, मोडकी नसलेली. तिथे तुम्ही बसायचे आणि मी समोर. बाई म्हणाल्या आहेत की त्या बाहेर जाऊन बसतील. भिंतीकडे बघायचे नाही; माझ्याकडे बघायचे, आणि मी तुमच्याकडे. मला भीती वाटते. तुम्हाला माझ्याहून अधिक वाटेल, हेही मी जाणते. तुम्ही 'नको' म्हणालात तर मी कायम नोकरीच्या कागदावर सही करीन आणि हा विषय पुन्हा कधी काढणार नाही. आपण पूर्वीसारखेच हवा-पाण्याचे बोलू. परंतु याल, तर शेजाऱ्यांना काय सांगायचे याची सोय बाईंनी करून ठेवली आहे. त्यांच्या भिंतीवरचे घड्याळ कधीचे बंद पडले आहे. "तुझ्या वडलांना म्हणावं, घड्याळ बघायला या, हत्यारं घेऊन या," असा त्यांचा निरोप आहे. माझ्या खोलीत दुसरी खुर्ची मी काल आणली. बाई चिडवतात, की या वेळीही माझाच डोळा उतरला तरी बिघडणार नाही, कारण मुली बापाच्याच वळणावर जातात. सगळे म्हणतात तसे माझे डोळे तुमच्यासारखे असतीलही. पण मला ते गृहीत धरून रंगवायचे नाही. मी प्रत्येक परीक्षेत पहिली आले, बाबा, आणि तुमच्या उजव्या डोळ्याचा रंग कोणता, एवढे एक उत्तर मला येत नाही.

तुमचीच,
राणी

ता. क. तुम्हाला वेळ नेमकी लागते, म्हणून टपालपेटीपाशी उभी राहून तुम्ही दिलेल्या घड्याळात बघून लिहिते आहे: शनिवार, ९ मार्च २०२४, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटे.